इंदूताईंचं गेट

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मी सर्वात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘आम्ही काहीच केलं नाही’. दार उघडणारा माणूस आधी हे सांगायचा, मग पाणी विचारायचा. फणसवाडीतल्या घरातून खांद्याला बॅग लावून मी सत्तावीस वर्षं बाहेर पडलो आणि फोर्टपासून परळपर्यंत लोकांची आजारी मशिनं बघत फिरलो. एवढ्या वर्षांत ‘हो, माझ्यामुळेच झालं’ असं म्हणणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही. त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. व्हायरस नावाचा प्रकारच असा होता की तो घेऊन येणाऱ्यालाही आपण काही आणलंय हे कळत नसे. आज मी हे इतक्या समजूतदारपणे लिहितोय, कारण एकदा हेच वाक्य माझ्याही तोंडी आलं होतं.

आजच्या मुलांना फ्लॉपी म्हणजे काय ते सांगावं लागतं. हाताच्या पंजाएवढी, पातळ, काळी, चौकोनी वस्तू. एका मशीनवरचं काम दुसऱ्या मशीनवर न्यायचं तर ते फ्लॉपीवर उतरवून न्यायचं. इंटरनेट आमच्यापर्यंत पोचायचं होतं, त्यामुळे व्हायरस हिंडायचा तो फ्लॉपीवर बसून. व्हायरस हाही एक प्रोग्रामच, कुणीतरी मुद्दाम लिहिलेला. त्याला दोनच कामं सांगितलेली असतात. मिळेल तिथे आपली नक्कल करून ठेवायची आणि वेळ आली की उपद्रव करायचा. असली बाधलेली फ्लॉपी आत ठेवून मशीन चालू केलं की तो मशीनमध्ये उतरे, आणि मग त्या मशीनमध्ये जी जी फ्लॉपी घालाल तिच्यावर चढे. काही व्हायरस नुसते थट्टेखोर होते, पडद्यावरची अक्षरं टपाटप खाली पाडायचे. काही मात्र दबा धरून बसायचे आणि ठरावीक तारखेला सगळं पुसून टाकायचे.

यावर उपाय होता आणि तो फार सोपा होता. फ्लॉपीच्या कडेला एक छोटी खाच असे. त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला की फ्लॉपीवरचं वाचता येई, पण तिच्यावर नवीन काही लिहिलं जात नसे, व्हायरसकडूनही नाही. एवढासा तुकडा, पण तो लावायचं लोकांच्या जिवावर यायचं. मी गिऱ्हाइकांना या विषयावर प्रवचन देत असे आणि ते देताना मला स्वतःचा आवाज आवडत असे.

काळबादेवीच्या एका जुन्या पेढीत सबनीस नावाचे हेडक्लार्क होते. त्यांनी कॉम्प्युटरच्या केबिनला कुलूप लावलं होतं आणि किल्ली जानव्याला बांधली होती. आत त्यांच्याशिवाय कुणी जात नाही, चपला बाहेर काढल्या जातात, रोज उदबत्ती लागते, तरी व्हायरस आला कसा, हा त्यांचा सवाल होता. मी टेबलाचा खण उघडायला सांगितला. आत एक फ्लॉपी निघाली, पत्रिका जुळवायच्या प्रोग्रामची, कुणाच्या तरी मेहुण्याकडून उतरवून आणलेली. मुलीसाठी सतरा स्थळांच्या पत्रिका त्यांनी ऑफिसच्या मशीनवर जुळवून पाहिल्या होत्या. सबनीसांनी फ्लॉपी हातात घेतली आणि ते हळूच म्हणाले की चौदावं स्थळ चांगलं होतं. मी मशीन साफ करून दिलं आणि मालकांना काही सांगितलं नाही. पुढे त्या मुलीच्या लग्नाला मला आमंत्रण होतं.

वरळी कोळीवाड्यातल्या हिराबाईंकडे मी दर मंगळवारी जात असे. हॉटेलांना मासळी पुरवायचा त्यांचा मोठा धंदा होता आणि दुबईला असलेल्या जावयाने हौसेने कॉम्प्युटर घेऊन दिला होता. तो वापरायची त्यांची सून. हिराबाई शेजारी बसून नजर ठेवायच्या. व्हायरस म्हणजे काय ते मी त्यांना पाऊण तास समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मासळी नासली की दारातूनच वास येतो, तसा ह्याचा येतो काय? मी म्हटलं, नाही येत. मग कठीण आहे, असं म्हणून त्या उठून गेल्या. माझ्या पाऊण तासात जे नव्हतं ते त्यांनी एका प्रश्नात सांगितलं होतं.

पण मला खरं लिहायचंय ते इंदूताईंबद्दल. मुंबईच्या गिरण्यांच्या संपाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती. संप मागे घेतला असं कुणी म्हटलंच नाही, तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर लालबाग-परळची कितीतरी घरंही विरली. काळाचौकीजवळची एक छोटी मिल त्यातच बंद पडली. तिच्या कामगारांचा दावा कोर्टात चालू होता. मिलची हजेरीपुस्तकं हरवली आहेत असं उत्तर मिळालं, तेव्हा कामगारांनीच आपली यादी द्यावी असं ठरलं. नाव, बिल्ला नंबर, खातं, गाव, कामाला लागल्याचं साल. यादीत ज्याचं नाव नाही तो त्या मिलमध्ये कधी नव्हताच, असा त्याचा अर्थ. नावं अकराशेच्या वर होती आणि निम्मी माणसं कोकणात आणि घाटावर गावी परत गेलेली. कामगारांची एक समिती होती. तिला कुणीतरी दोन कॉम्प्युटर दिले होते, एक बरा आणि एक जुनापुराणा. ते चालू करून द्यायला मला बोलावलं गेलं आणि तिथे खुर्चीवर इंदूताई बसलेल्या होत्या.

इंदूताई सावंत मूळच्या मालवणकडच्या. मिलमध्ये वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत बॉबिनवर भरायच्या कामावर, अठरा वर्षं. तुटलेला धागा चालत्या मशीनवर दोन बोटांनी पकडून गाठ मारायची, हे त्यांचं काम. संपानंतर त्यांनी ऑफिसवाल्यांचे डबे केले, लोकांकडे पापड लाटले, आणि चाळिशीत लालबागच्या एका टायपिंग क्लासमध्ये नाव घातलं. शिक्षण सातवी. बाकीच्या मुली त्यांना मावशी म्हणायच्या. परीक्षेत मावशी पहिल्या आल्या. मी त्यांना कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकवायला लागलो तेव्हा चौथ्या दिवशी त्यांची बोटं माझ्यापेक्षा वेगाने चालत होती. याचं मला कौतुक वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, ते का लपवा.

व्हायरसची माहिती मी त्यांनाही दिली, तेच पाऊण तासाचं प्रवचन. पण इथे पाच मिनिटांतच थांबावं लागलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे गेटवर झडती पायजे.”

मिलमधून सुटताना प्रत्येक कामगाराची झडती होत असे. बायकांसाठी वेगळी झडतीवाली असायची. ती कमरेला, ओच्याला हात लावून बघायची, कुणी सूत-बॉबिन नेत नाही ना. इंदूताईंनी अठरा वर्षं ती झडती दिली. रोज मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, असं त्या सांगत. पण चोरी होत नव्हती हेही तितकंच खरं, असं लगेच पुढे म्हणत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जुनं मशीन दाराशी आणून ठेवलं. त्याच्यापुढे एक स्टूल, शेजारी एक रजिस्टर. बाहेरून आलेली कुठलीही फ्लॉपी आधी त्या मशीनमध्ये जायची, माझा व्हायरस शोधणारा प्रोग्राम तिच्यावर चालवायचा, साफ निघाली तरच आतल्या मशीनला हात. आणि गेट म्हटल्यावर माणसांचीही नोंद आली. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि बिल्ला नंबर त्या रजिस्टरात लिहून घेत. मोठमोठ्या कंपन्यांत जे मी हात जोडून सांगत होतो आणि कुणी करत नव्हतं, ते काळाचौकीच्या दहा बाय बाराच्या खोलीत सुरू झालं.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मी सांगितलं होतं की यादीची एक नक्कल रोज फ्लॉपीवर काढून ठेवा. त्यांनी फ्लॉप्यांचे तीन संच केले आणि तीन बिस्किटांच्या डब्यांवर पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी असं लिहिलं. एक दिवस पहिलीवर, दुसऱ्या दिवशी दुसरीवर, आणि रविवारी तिसरीवर. तिसऱ्या पाळीचा डबा खोलीत ठेवायचाच नाही, तो लालबागला नणंदेच्या घरी. एक पाळी बाहेर पडल्याशिवाय दुसरी आत घ्यायची नाही. कॉम्प्युटरच्या जाड्या पुस्तकांत या पद्धतीवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. इंदूताईंनी त्यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

समितीत बाळा परब म्हणून एक होते. साठीच्या पुढचे, साचेखात्यातले जुने जॉबर, म्हणजे साच्यावर, विणायच्या मागावर, माणसं लावणारे मुकादम. तीस वर्षांत त्यांनी गावोगावची पोरं आणून कामाला लावली होती. कोण कुठल्या वाडीचा, कोणत्या साली लागला, कुणाच्या शेजारच्या साच्यावर होता, हे त्यांना तोंडपाठ. ते गणेशोत्सव मंडळाचंही काम बघत आणि मंडळाची पत्रकं फ्लॉपीवर घेऊन अधूनमधून छापायला येत. त्यांचीही फ्लॉपी स्टुलावर थांबायची. सगळ्यांची थांबायची. वकिलांच्या असिस्टंटने एकदा ‘मला घाई आहे’ म्हटलं, तर इंदूताईंनी त्याला खुर्ची दिली आणि पंखा लावला, पण फ्लॉपी तपासल्याशिवाय आत घेतली नाही. नियमाला अपवाद एकच होता, तो म्हणजे मी. माझी बॅग सरळ आत जायची.

कोर्टाच्या तारखेला दहा दिवस उरले होते. शनिवारी सकाळी मला फोन आला की मशीन चालू होत नाही. मी जाऊन बघितलं. व्हायरस जागा होऊन हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसून गेला होता. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या फ्लॉप्याही बाधल्या होत्या. हा व्हायरस फ्लॉपीवर स्वतःला बसायला जागा घ्यायचा ती नेमकी फायलींच्या अनुक्रमणिकेत. इंदूताई रोज नवी फाईल करत, त्यामुळे जुनी नावं शाबूत होती आणि शेवटच्या दिवसांची गेली होती. मी फ्लॉप्या उलट्यापालट्या करून तुकडे काढले, पण कुठलं साल कुणाच्या नावाचं ते काही जुळेना.

लालबागहून तिसरी पाळी आली. ती ठणठणीत होती, पण मागच्या रविवारपर्यंतची. मधल्या पाच दिवसांत जी नावं घातली ती गावाहून आलेल्या माणसांची होती. निरोप मिळाला म्हणून बिल्ला खिशात घालून एसटीने आलेली, इंदूताईंच्या समोर बसून सगळं तोंडी सांगून दुसऱ्या दिवशी परत गेलेली. गेटच्या रजिस्टरात त्यांचं नाव आणि नंबर होता. खातं, गाव, साल कुठेच नव्हतं. अशी एकशे चौतीस माणसं. त्यांना पुन्हा गाठायला ना फोन होते ना वेळ.

इंदूताईंनी मला विचारलं, हे आलं कुठून? मी रजिस्टर उघडलं. आठवड्यात बाहेरची एकच फ्लॉपी आली होती, मंडळाच्या पत्रकाची, परबांची. तिच्यापुढे ‘साफ’ अशी नोंद होती. मी ती फ्लॉपी पुन्हा तपासायचेही कष्ट घेतले नाहीत. चार माणसांसमोर मी सांगितलं की नवीन व्हायरस जुन्या प्रोग्रामला कधीकधी सापडत नाही, तेव्हा हीच असणार. आमच्याकडून तर काहीच झालेलं नाही, असंही मी पुढे जोडलं. परब दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढली, हातात धरली, आणि जिना चढून वर आपल्या खोलीवर गेले.

दोन दिवस ते आले नाहीत. एकशे चौतीसपैकी बहुतेक माणसं साचेखात्यातली होती आणि त्यांची माहिती सांगू शकेल असा मुंबईत एकच माणूस होता. इंदूताई स्वतः त्यांच्या खोलीवर जाऊन आल्या. परबांनी दार उघडलं, चहा दिला, आणि सांगितलं की ज्यांना मी हाताला धरून कामाला लावलं त्यांचीच नावं माझ्या हाताने बुडाली, आता मी कुठल्या तोंडाने यादीला हात लावू. इंदूताईंनी परोपरीने सांगितलं. ते जागचे हलले नाहीत.

मंगळवारी माझी वरळीची फेरी होती. हिराबाईंच्या सुनेने मशीन उघडून दाखवलं आणि मी बघतच राहिलो. तोच व्हायरस, तीच लक्षणं. मी सवयीने चौकशी सुरू केली. कुणाची फ्लॉपी आली होती, कुणी खेळ आणला होता का, जावयाने काही पाठवलं का? हिराबाई कोळंबी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमच्याकडे तुझ्याशिवाय कोण येतो रे ते पेटीला हात लावायला?”

मी माझी फ्लॉपी हातात घेतली. तीच, जिच्यावर व्हायरस शोधायचा प्रोग्राम होता, जी मी डॉक्टरच्या ऐटीत घरोघर घेऊन फिरत होतो. तिच्या खाचेवर चिकटपट्टी नव्हती. दहा दिवसांपूर्वी प्रोग्रामची नवी प्रत तिच्यावर घ्यायला मी पट्टी काढली होती आणि परत लावायचा कंटाळा केला होता. मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी दादरच्या एका क्लासमध्ये बाधलेलं मशीन साफ केलं, ते या फ्लॉपीने. दुपारी काळाचौकीला गेलो, मंगळवारी वरळीला. ज्या आजाराचं औषध विकत होतो तो मीच वाटत चाललो होतो. मी हिराबाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी न विचारता चहा आणून ठेवला.

एक कबूल केलं पाहिजे. वरळीहून काळाचौकीला जाताना बसमध्ये माझ्या मनात आलं की न सांगितलं तर कुणाला कळणार आहे? या विषयातलं समजणारा तिथे मी एकटाच होतो. माझा धंदा विश्वासावर चालत होता, घरात दोन मुलं शिकत होती. पण परबांनी टोपी काढून हातात धरली होती ते काही डोळ्यांसमोरून हलेना.

इंदूताई रजिस्टरातली नावं पुन्हा मशीनमध्ये घालत बसल्या होत्या, नावापुढच्या जागा मोकळ्या सोडून. मी सगळं सांगितलं. हातातलं नाव पुरं होईपर्यंत त्यांची बोटं थांबली नाहीत. मग त्या वळल्या. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलायला हवंच होतं. त्या म्हणाल्या, “तुमची फ्लॉपी मी गेटवर घेतली नाय, ही माझी चूक. मिलच्या गेटावर झडती आमची व्हायची. साहेबांची गाडी सरळ जायची, वॉचमन सलाम मारायचा. अठरा वर्षं बघितलं ते. अंगात मुरलं माझ्या.” त्यांनी पुढे सांगितलं, “मला सांगितलात ते बरं केलंत. पण माझं काय गेलं नाय. ज्याचं गेलं त्याला सांगा.”

परबांची खोली वर तिसऱ्या मजल्यावर होती. ते खाटेवर बसले होते. मी उभ्यानेच बोललो. फ्लॉपी माझी होती, पट्टी मी लावली नव्हती, तुमच्यावर नाव घातलं ते न तपासता घातलं. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग विचारलं, “म्हणजे माजी फ्लॉपी साफ होती?” मी म्हटलं, साफ होती. आताच खाली तपासून आलोय.  मला वाटलं विषय संपला आणि मी चप्पल घालायला वळलो. तेव्हा त्यांचा आवाज आला, “त्या दिशी तुमी बोललास ते चार माणसांत. आज सांगतास ते माज्या खोलीत.”

त्या वाक्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी त्यांच्याबरोबर खाली आलो. समितीच्या खोलीत त्या वेळी सातआठ जण होते, त्या दिवशीचे चारही होते. मी सगळ्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं.   एका म्हाताऱ्या कामगाराने सरकून परबांना बाकावर जागा करून दिली, एवढंच. परब बसले, इंदूताईंनी रजिस्टर उघडलं आणि पहिलं नाव वाचलं. परब डोळे मिटून म्हणाले, साचेखातं, गाव कणकवलीच्या अलीकडचं, दुसऱ्या पाळीला होता, बापाच्या जागेवर लागला. आणि साल सांगितलं.

तीन दिवस हे चाललं. सकाळी नऊला बसायचे, दुपारी भाकरी खायला उठायचे, दिवेलागणीला थांबायचे. मी माझी बाकीची कामं सोडून तिथेच बसून होतो, कारण मशीन पुन्हा आजारी पडलं तर सांगायला तोंड उरलं नसतं. परब एकेका नंबराला माणूस उभा करत. हा डावखुरा होता. ह्याचा भाऊ आमच्याच चाळीत होता, पण खातं वेगळं. जिथे त्यांना नक्की आठवत नसे तिथे ते स्पष्ट सांगत की नाही आठवत, आणि इंदूताई तेवढी जागा मोकळी ठेवत. अंदाजाने एकही साल घातलं नाही. शेवटी नऊ जागा मोकळ्या राहिल्या. त्या नऊ जणांसाठी सिंधुदुर्गाकडे आणि साताऱ्याकडे जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरांकडे चिठ्ठ्या दिल्या गेल्या. मी आयुष्यात बरीच हरवलेली माहिती परत मिळवली आहे, महागडी यंत्रं वापरूनही मिळवली आहे. पण या तीन दिवसांत मी जे बघितलं त्याची सर कशालाच नाही.

यादी पुरी झाली तरी इंदूताईंचं समाधान नव्हतं. त्यांनी मला विचारलं, जे उरलं त्यातलं व्हायरसने काही बदललं नसेल कशावरून? मी म्हटलं, हा व्हायरस तसं करत नाही. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.  मग त्यांनी ठरवलं की छापलेली यादी माणसांसमोर वाचायची. मशीनने खाल्लं तर मशीनला कळायचं नाही, ज्याचं नाव आहे त्याला कळेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये माणूस मावत नव्हता. लालबाग, परळ, शिवडीकडून माणसं आली होती. नऊ चिठ्ठ्यांपैकी आठजण स्वतः आले होते, नवव्याचा मुलगा आला होता. जे वारले त्यांच्या बायका पुढे बसल्या होत्या, काहींनी नवऱ्याचा पितळी बिल्ला पदरात बांधून आणला होता. इंदूताई टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि खात्याखात्याने वाचू लागल्या. नंबर, नाव, गाव, साल. समोरून आवाज यायचा, हजर. कुणी माणूस गेलेला असला तर त्याची बायको उठून त्याच्या नावाला हजर म्हणायची. कुठे सालाचा घोळ निघाला तर तिथल्या तिथे दुरुस्त व्हायचा. असे सहा घोळ निघाले. सहाच्या सहा टायपिंगचे होते, व्हायरसचा एकही नव्हता, आणि त्या सहाही वेळा इंदूताईंनी ‘ही माझी चूक’ असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. असं सांगणारं माणूस माझ्या धंद्यात मला कधी भेटलं नव्हतं, ते इथे भेटलं.

परबांचा नंबर आला तेव्हा ते जागेवर उठून उभे राहिले, टोपी सारखी केली आणि हजर म्हणाले. मग पुढचं नाव आलं.

वाइंडिंग खातं शेवटी होतं. बायका एकेक करून हजेरी देत होत्या. दोनेक पानं उरली असताना इंदूताई वाचता वाचता थांबल्या. पाणी हवंय की काय म्हणून मी पेला घेऊन पुढे झालो, पण त्यांनी मानेने नको म्हटलं. पुढची ओळ त्यांची स्वतःची होती. आपणच आपलं नाव पुकारायचं आणि आपणच हजर म्हणायचं, हे त्यांना जमेना. अकराशे माणसांची हजेरी घेणाऱ्या बाईची हजेरी घ्यायला कुणी नव्हतं.

परब उठले. टेबलापाशी गेले आणि त्यांनी इंदूताईंच्या हातातला कागद घेतला. चष्मा पुसला, ओळ शोधली आणि साचेखात्याच्या गोंगाटात ऐकू जावा अशा जुन्या जॉबरच्या आवाजात नंबर पुकारला. मग नाव. इंदुमती रामचंद्र सावंत. वाइंडिंग खातं.

इंदूताई टेबलामागून पुढे आल्या, बाकीच्या बायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून म्हणाल्या, “हजर.”

परबांनी त्यांच्या नावापुढे लाल पेन्सिलीने खूण केली आणि कागद त्यांना परत दिला.